चौदा नंबरची बस

आमच्या बँडचं नाव ओव्हरबे ब्रदर्स, आणि मी त्यातली बहीण.

भावंडं आम्ही तीन. गार्नेट थोरला, मग वर्ली, मग मी, ओलिटा. गार्नेट गिटार वाजवतो आणि गातो. वर्ली मॅन्डोलिन वाजवायचा. मी बँजो वाजवते आणि गार्नेट गायला लागला की त्याच्या वरचा सूर धरते. सहा वर्षांपूर्वी वर्ली गेला. आता फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, कॉय आहे, सत्तरी ओलांडलेला, आमच्या नात्यातला नाही. आणि माणसाएवढ्या उभ्या बासवर गार्नेटची बायको विल्डा. वर्ली गेल्यावर काही महिन्यांनी मी विषय काढला, "गार्नेट, आता नाव बदलू या. भाऊ एकच उरलाय."

"लोकांना ब्रदर्स माहीत आहेत," तो म्हणाला.

"लोकांना डोळेही आहेत."

"अगं, टी-शर्ट छापून पडलेत."

संपलं. तेव्हापासून दोन बायका, एक परका म्हातारा आणि एक भाऊ मिळून आम्ही ब्रदर्स आहोत. तो टी-शर्ट मीही घालते. बायकांच्या मापाचे त्याने कधी छापलेच नाहीत, त्यामुळे माझ्या बाह्या कोपरापर्यंत येतात.

एकतीस वर्षं मी हे करते आहे. व्हर्जिनियाचा हा डोंगराळ कोपरा, पलीकडे केंटकी, खाली टेनेसी, जिथे म्हणून शेतात फळ्या टाकून स्टेज बांधतात तिथे मी वाजवलं आहे. प्रत्येक ठिकाणी एक तरी गृहस्थ खाली उतरल्यावर गाठतो आणि म्हणतो, "बाईमाणूस असून बोटं काय चालतात हो तुमची!" पहिली काही वर्षं मी आभार मानायची. मग नुसती मान हलवायला लागले. आता मी विचारते, "तुमची कशी चालतात?" वाद्यांच्या दुकानात तारा घ्यायला गेले की अजून विचारतात, मिस्टर काय वाजवतात? निवेदक मला 'आणि ही गोड मुलगी' म्हणून पुढे आणतात. मी पंचावन्न वर्षांची आहे. गार्नेटचा स्टेजवरचा विनोद तर तोंडपाठ झालाय सगळ्यांना: "ही आमची धाकटी बहीण, अजून बिनलग्नाची आहे बरं का, रांग लावा." मधल्या काळात माझं लग्न झालं, आठ वर्षं टिकलं, मोडलं. विनोद जागचा हलला नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळलंच होतं. पण ते गाणं मला गिळता आलं नाही.

आमची आई एथेलीन शाळेची बस चालवायची. चौदा नंबरची. एकोणतीस वर्षं, त्या डोंगरातल्या एकच गाडी मावेल अशा रस्त्यावर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. बाबांच्या छातीत खाणीतली धूळ बसली आणि ते चाळिशीतच ओसरीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच, तेव्हापासून आमचं घर त्या बसवर चाललं. आई पहाटे बाहेर पडायची. संध्याकाळी धुकं उतरलं की आम्ही तिघं कठड्यावर बसून वळणावर दोन पिवळे दिवे दिसायची वाट बघायचो. चोविसाव्या वर्षी मी त्यावर गाणं केलं. एका दुपारी स्वयंपाकघरात दोघा भावांना म्हणून दाखवलं:

*धुक्यात दोन पिवळे दिवे, वळणावर दिसले गं,*
*चौदा नंबर घेऊन माझी आई आली घरी.*

वर्लीने डोळे पुसले. गार्नेट म्हणाला, "चांगलं आहे. रेकॉर्डवर घेऊ." मी हवेत. दोन आठवड्यांनी रेकॉर्डिंगला गेलो, तर गार्नेटच्या हातातल्या कागदावर बसचा ट्रक झाला होता. कोळशाचा. आणि आईचे बाबा झाले होते. 'चौदा नंबर घेऊन माझे बाबा आले घरी.'

"बाबांनी जन्मात ट्रक चालवला नाही," मी म्हटलं.

"ऐकणाऱ्याला काय माहीत? शाळेच्या बसवर कोण रडणार आहे, ओलिटा? ट्रकवर लोक रडतात."

आणि गाणार तो. त्याच्या पट्टीत. पट्ट्यांना आमच्याकडे इंग्रजी अक्षरांची नावं असतात; गार्नेटची पट्टी बी. आमच्या या संगीतात ती मर्दानी पट्टी समजतात. बँड बीमध्ये वाजला की घोडा सुटल्यासारखा वाजतो, असं पुरुष एकमेकांना सांगतात. माझ्या आवाजाला ते गाणं ईमध्ये बसतं. बीमध्ये मी मुख्य गायले तर खालच्या सुरांना नुसती हवा निघते. म्हणून बीमध्ये मी काय करायचं, तर गार्नेटच्या डोक्यावर चढून वरचा सूर धरायचा, माझ्याच गाण्यात, बाबांच्या ट्रकबद्दल.

ते गाणं चाललं. आमचं तेवढं एकच गाणं चाललं. रेडिओवर लागलं, म्हाताऱ्या खाणकामगारांच्या मातीला वाजलं. कव्हरवर बारीक अक्षरात माझं नाव होतं, पण ते वाचतो कोण? लोक गार्नेटचा हात हातात घेऊन सांगायचे, तुमच्या वडिलांवरचं ते गाणं ऐकून आमचे वडील आठवले. गार्नेट मान खाली घालायचा. मी शेजारी उभी राहून हसायची.

दर वर्षी मी विचारायची, एकदा मला गाऊ दे, माझ्या शब्दांत, माझ्या पट्टीत. दर वर्षी नवं कारण. लोक गोंधळतील. ईमध्ये फिडल झणकत नाही. (कॉयला विचारलं तर तो म्हणाला, "माझं फिडल कशातही झणकतं, पोरी.") आणि सगळ्यात आवडतं कारण म्हणजे स्टेजवर पट्टी बदलायला फार खटाटोप होतो.

या वर्षी मात्र मी हटूनच बसले. लिक फोर्कचा गाण्यांचा मेळा ऑगस्टमध्ये असतो, अग्निशमन दलाच्या मैदानावर, आमच्या घरापासून चार मैलांवर. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते. चार वर्षं तिला मेळ्याला आणता आलं नव्हतं. यंदा आश्रमाची गाडी तिला सोडणार होती. तिचं हृदय थकलंय, पुढच्या ऑगस्टबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत. मला तिला तिचं गाणं ऐकवायचं होतं. एकदा. तिला त्यातून खरवडून काढलेलं नसताना.

गुरुवारी गार्नेटच्या गॅरेजमध्ये मी हे सगळं त्याला तोंडावर सांगितलं. तो बराच वेळ गिटार पुसत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. गा. आई आहे म्हणून."

"ईमध्ये?"

"ईमध्ये. पण आता तालीम नको, हे गाणं झोपेतही वाजवू आपण."

मी मूर्ख, मी घरी जाऊन बँजोच्या तारा बदलल्या.

शनिवारी दुपारी दोनला आमची पहिली पाळी होती, दुसरी संध्याकाळी सहाला. साडेबाराला आश्रमाची गाडी आली. लोकांनी सकाळीच आपापल्या घडीच्या खुर्च्या स्टेजसमोर मांडून ठेवल्या होत्या. आमच्याकडे रीत आहे, खुर्ची मांडून तुम्ही दिवसभर कुठेही भटका, ती तुमचीच; तोवर रिकामी असेल तर कोणीही बसावं, मालक आला की उठावं. पहिल्या रांगेतल्या एका हिरव्या खुर्चीचा मालक आईला पाहून म्हणाला, "ही आज तुमचीच, एथेलीन. मी चौदा नंबरनेच शाळेत जायचो." आई खूश. तिने त्याला नाव विचारलं, आणि तो कुठल्या थांब्यावर चढायचा ते त्याच्याआधी सांगितलं.

मी स्टेजमागे आले तर गार्नेट माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओलिटा, हे बघ. आपली पाच मिनिटं कापलीत. अशात नव्या पट्टीचा धोका नको. बीमध्येच करू, मी गातो."

"काय?"

"आईला माझ्या तोंडूनही आवडतं. तिला काय फरक पडतो?"

"गुरुवारी तू काय म्हणालास?"

"गुरुवारी पाच मिनिटं जास्त होती."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मला समोरचं दिसेना. विल्डा बास पुसत होती, तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फडकं फिरवायला लागली. कॉय म्हणाला, "अरे गार्नेट, करू दे की तिला." गार्नेट म्हणाला, "कॉय, तू फिडल बघ." आणि मग माझ्याकडे हात पुढे केला. "यादी लिही. वेळ होतोय."

यादी मी लिहिते. पहिल्यापासून. पांढऱ्या चिकटपट्टीवर गाण्यांची नावं, प्रत्येकापुढे पट्टी, आणि ती गार्नेटच्या गिटारच्या वरच्या कडेला चिकटवायची, कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःला लागत नाही. एकतीस वर्षं त्या गाण्यापुढे बी कोणी लिहिला? मी. माझ्याच हाताने. त्या दिवशीही लिहिला. 'ट्रक – बी.' चिकटवला. बँजो गळ्यात घातला आणि फळीवर चढले.

स्टेजवर आम्ही एकच माइक ठेवतो, जुन्या पद्धतीने. ज्याची पाळी तो पुढे येतो, ज्याची संपली तो मागे सरकतो. गाणारा सूर सोडतो तेव्हा जागाही सोडतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की आम्ही किराणा दुकानातही एकमेकांना धडकत नाही. चार गाणी झाली. बिनलग्नाचा विनोद झाला. लोक हसले. आई हसली नाही, ती तिच्या झग्यावरचा मक्याच्या पावाचा भुगा झटकत होती.

"आणि आता," गार्नेट माइकवर म्हणाला, "ज्याच्यासाठी तुम्ही थांबला आहात ते. आमच्या वडिलांसाठी."

टाळ्या. लोक सरसावून बसले.

हे गाणं मी उचलते. म्हणजे सुरुवात बँजोची असते. आमच्यात गाणं जो उचलेल तो पट्टी ठरवतो, बाकीचे त्याच्यामागे. म्हणून गार्नेट सुरू करण्याआधी नेहमी माझ्या बँजोकडे एक नजर टाकतो. तारांवर बसवायचा चिमटा, कॅपो म्हणतात त्याला, तो चौथ्या पडद्यावर दिसला की बी. आखूड पाचव्या तारेला मी लाकडात खेळण्यातल्या रेल्वेचे बारीक खिळे ठोकून घेतलेत, त्यातल्या नवव्या पडद्याच्या खिळ्याखाली तार अडकवलेली दिसली की नक्की बी. त्याने नजर टाकली. कॅपो चौथ्यावर. तार खिळ्याखाली. त्याने समाधानाने मान डोलावली.

एकतीस वर्षं जो माणूस पट्टी बदलण्याचा खटाटोप सांगत होता, त्याला हे कधी सुचलंच नाही. कॅपो तिथेच ठेवून डाव्या हाताची ठेवण बदलली की बीचा ई होतो. खिळा तोच चालतो. त्याच्या गिटारवरचा कॅपोही तोच चालतो. हलवायचं काहीही नाही, नुसती बोटं.

मी ईमध्ये उचललं.

पहिल्यांदा कॉयला कळलं. त्याचा गज अर्धी मात्रा हवेत थांबला, मग खाली आला तो थेट ईमध्ये, आणि म्हातारा इतका रुंद हसला की त्याची वरची कवळी दिसली. विल्डाने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बास ईवर गेला. गार्नेट सवयीने माइकपाशी पोचला होता, तोंड उघडलं होतं. पहिला शब्द त्याने लावला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा निघाला. वर जावं तर गळा फाटेल, खाली राहावं तर ऐकूच येणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सूर नसला की जागा सोडायची. तो मागे सरकला आणि मी पुढे आले.

आणि मी गायले. माझ्या पट्टीत, पंचावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. आवाज सुटल्यावर कसं वाटलं ते मला सांगता येईल, पण सांगणार नाही, कारण ते तेवढं एकच कडवं टिकलं. कडव्याला मैदान गप्प होतं. मग धृपद आलं. धृपद सगळ्यांना पाठ. चारशे माणसं एका तोंडाने म्हणाली, 'माझे बाबा आले घरी!'

मी 'आई' म्हटलं. ऐकायला कोणाला आलं? दुसऱ्या रांगेतला एक भला माणूस उठून उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून मला ओरडून सांगायला लागला, "बाई, बाबा! बाबा म्हणा, बाबा!" त्याला वाटलं मी शब्द विसरले. पुढच्या धृपदाला तर त्याने शेजारच्यांनाही कामाला लावलं, मला मदत म्हणून. मी गळा ताणून 'आई' म्हणतेय आणि ते हात हलवून मला 'बाबा' पुरवतायत.

मी आईकडे पाहिलं. हिरव्या खुर्चीत माझी आई, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून, सगळ्यांच्या बरोबरीने म्हणत होती. 'माझे बाबा आले घरी.' ट्रक तिला पूर्ण पाठ होता. एकही शब्द चुकला नाही तिचा.

उरलेलं गाणं मी कसं संपवलं ते माहीत नाही. बोटांनी संपवलं असेल. निवेदक धावत आला, "ओलिटा शब्द जरा विसरली, पण आवाज काय, वा!" लोकांनी मायेने टाळ्या वाजवल्या. त्या मायेने मला जास्त चीड आली.

खाली उतरल्यावर गार्नेटने माझा दंड धरला. "चारशे माणसांसमोर तू मला तोंडघशी पाडलंस."

"मी? तूच नाही का शब्द फिरवलास? गुरुवारचा शब्द, एकतीस वर्षांपूर्वीचे शब्द, सगळे!"

"ते शब्द मी..." तो थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मग एकदम पडेल आवाजात म्हणाला, "जाऊ दे. आईला विचार."

"काय विचारू?"

"आईला विचार, म्हणतोय ना," आणि गिटार पेटीत न ठेवताच निघून गेला. तो गिटार कधीच उघडी टाकत नाही.

आईला लोकांनी हिरव्या खुर्चीसकट खाण्याच्या तंबूत सावलीला आणून बसवलं होतं. अग्निशमन दलाच्या बायकांनी तिला हॉटडॉगचे तुकडे करून दिले होते आणि ती काट्याने एकेक उचलत होती. मी समोर बसले. बँजो गळ्यातच होता.

"छान वाजवलंस," ती म्हणाली.

"आई, त्या गाण्यात ट्रक नव्हता गं. बस होती. तुझी बस होती. मी तुझ्यावर केलं होतं ते."

"मला माहीत आहे."

"कसं माहीत आहे?"

"तू त्या दोघांना म्हणून दाखवलंस ना, तेव्हा मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. सगळं ऐकलं." तिने काटा खाली ठेवला. "एकदाच ऐकलं. फार गोड गायली होतीस."

मी बँजो गळ्यातून काढून मांडीवर घेतला.

"तुझे बाबा तेव्हा ओसरीवर बसलेले असायचे," ती म्हणाली. "दिवसभर तेच ऐकत, बायको गाडी हाकते आणि हा बसून खातो. तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, पण त्यांना ऐकू यायचं. ते रेडिओवर लागलं असतं तर, ओलिटा? खोऱ्यात प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ होता. मीच गार्नेटला सांगितलं, ते बदल म्हणून. आणि तुला सांगू नको म्हणून."

"बाबांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली, आई."

"हो."

"मग नंतर तरी सांगायचं होतंस. मी सत्तावीस वर्षं गार्नेटवर जळतेय!"

"मला कोण विचारायला आलं? गाणं लागलं की मला बरं वाटायचं. तुझ्या बाबांना एकदा तरी कोणी ट्रकवर बसवलं." तिने कागदी रुमालाने बोटं पुसली, एकेक, सावकाश. मग माझ्याकडे अशी बघायला लागली, बसच्या आरशातून मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघायची तशी. "पण मी गार्नेटला शब्द बदलायला सांगितले होते. गाणं तुझ्याकडून काढून घ्यायला नव्हतं सांगितलं. ते तो का गायला लागला?"

"त्याची पट्टी," मी म्हटलं. "लोकांना तीच आवडते म्हणाला."

"मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असेल. तू तिथे शेजारी उभी असायचीस, इतकी हसायचीस. मला वाटलं तुला आवडतं."

मी त्या तंबूत बसून रडले, चक्क, मोहरीच्या बाटल्यांच्या मध्ये. एकतीस वर्षं मी ते हसू गालावर चढवत होते, लोकांसाठी, बँडसाठी, आणि ते एकाच माणसाने खरं मानलं होतं. आईने मला रडू दिलं. मग माझ्यापुढे तिची बशी सरकवली आणि म्हणाली, "खा दोन घास. सहाला परत आहे ना?"

"आहे."

"मग ते परत गा. आता कोण बसलंय ओसरीवर? आणि लोक बाबा म्हणाले तर म्हणू देत. दोनदा-चारदा म्हणतील, मग ऐकतील. पोरंसुद्धा पहिल्या दिवशी बसमध्ये ओरडतातच."

मी तिची हिरवी खुर्ची उचलून तिला पुन्हा पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. खुर्चीचा मालक मागे गवतावर बसला होता, तो म्हणाला, "बाई, ते तुम्ही मघाशी आई म्हणत होतात का हो? मला वाटलं एथेलीनचंच काहीतरी आहे." मी म्हटलं, "हो, तिचंच." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

साडेपाचला मी स्टेजमागे गेले. गार्नेटची गिटार तशीच उघडी टेकवलेली होती. दुपारची यादी मी तिच्या कडेवरून ओढून काढली. नवी चिकटपट्टी घेतली आणि सहाची यादी लिहिली, नेहमीसारखी, माझ्या अक्षरात, नावापुढे पट्टी. पाचव्या ओळीत लिहिलं: 'बस – ई.' अंगठ्याने नीट दाबून चिकटवली.

गार्नेट आला. माझे डोळे बघून त्याला कळलं असावं की मी आईशी बोलून आले आहे, कारण त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चष्मा लावला, यादी वाचली. पाचव्या ओळीवर थांबला.

"शब्दांचं मला सांगता येत नव्हतं," तो म्हणाला. "तिने शपथ घातली होती."

"शब्दांचं राहू दे. पट्टीचं कोणी शपथ घालून सांगितलं होतं?"

त्याने चष्मा काढला. विल्डा बास उचलून आमच्या मधून फळीवर चढली. चढता चढता तिने ईची तार एकदा छेडून पाहिली. कॉय तिच्यामागून गेला.

"ईमध्ये मला गाताच येत नाही," शेवटी गार्नेट म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता त्याचा. "वरचाही नाही, खालचाही नाही. मग ते गाणं चालू असताना मी करू काय?"

"हस," मी म्हटलं. "माझ्या शेजारी उभा राहा आणि हसत राहा. पहिली दहा वर्षं गाल दुखतात."